फास्ट म्हणजे घट्ट

वसईच्या उत्तर पट्ट्यात वटार, सत्पाळा, राजोडी, नाळे, वाघोली ही गावं एकमेकांना लागून वसली आहेत. घरात कुणाची बोली वाडवळी, कुणाची कादोडी, शाळेत प्रमाण मराठी, आणि नोकरी-शिक्षणासाठी घराबाहेर पडलं की नालासोपारा नाहीतर विरार स्टेशन. या भागातल्या मुलांच्या कानावर काही इंग्रजी शब्द पाठ्यपुस्तकाच्या आधी स्टेशनातून पडतात. त्यांतला सगळ्यात ठळक शब्द म्हणजे ‘फास्ट’. एबीसीडी पाठ होण्याआधी मुलाला विरार फास्ट आणि विरार स्लो यांतला फरक कळतो, कारण घरातलं कुणी ना कुणी रोज त्या फरकाच्या हिशेबाने उठतं, डबा भरतं आणि निघतं.

या एका विशेषणावर अख्खं प्रकरण खर्ची घालायचं कारण असं, की इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला ते जितकं ओळखीचं वाटतं तितकंच ते त्याला फसवतं. गोष्टीच्या पुस्तकात दार ‘स्टक फास्ट’ आहे असं आलं, तर आपला विद्यार्थी ‘दार पटकन अडकलं’ असा अर्थ लावतो. खरा अर्थ ‘दार घट्ट अडकून बसलं आहे, हलत नाही’ असा असतो. कुणी ‘फास्ट अस्लीप’ असेल तर तो लवकर झोपलेला नसतो, गाढ झोपलेला असतो. आणि ‘हार्ड अँड फास्ट’ नियमात वेगाचा तर मागमूसही नाही. तो न बदलणारा, पक्का नियम. एकच शब्द वेगाने पळण्यालाही लागतो आणि जागचं न हलण्यालाही. हे कसं झालं, ते समजलं की या शब्दाचे डझनभर अर्थ वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत.

आधी आपल्या स्टेशनातला अर्थ नीट पाहू. १२ एप्रिल १८६७ रोजी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने विरार ते मुंबईतलं बॅकबे अशी गाडी सुरू केली. सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी एकच गाडी, वाफेच्या इंजिनाची. तेव्हा फास्ट-स्लो असा प्रश्नच नव्हता. विजेची गाडी बोरिवलीपर्यंत १९२८ मध्ये आली, विरारपर्यंत १९३६ मध्ये. पुढे वस्ती वाढली, गाड्या वाढल्या, रूळ वाढले आणि गाड्यांची विभागणी झाली. आज विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि या अंतरावर ‘फास्ट’ हा शब्द फार नेमक्या अर्थाने वापरला जातो. फास्ट लोकलचं इंजिन काही वेगळं नसतं, डबे वेगळे नसतात. ती फास्ट असते कारण ती मधली स्टेशनं सोडते. विरारहून सुटणाऱ्या पुष्कळ फास्ट गाड्या तर बोरिवलीपर्यंत जवळजवळ सगळीकडे थांबतात आणि तिथून पुढे ‘फास्ट’ होतात. म्हणून जाणकार प्रवासी नुसतं ‘फास्ट आहे का’ असं विचारत नाही, ‘कुठून फास्ट’ असं विचारतो. थोडक्यात, आपल्या रोजच्या बोलण्यात फास्ट म्हणजे वेगवान नव्हे, फास्ट म्हणजे न थांबणारी.

मराठीने या शब्दाचं व्याकरणही आपल्या पद्धतीने बसवून घेतलं आहे. ‘फास्ट गाडी’ हे विशेषण झालं, ‘फास्ट चाल’ हे क्रियाविशेषण. पण ‘आठ-वीसची फास्ट चुकली’ असं आपण म्हणतो तेव्हा तो शब्द सरळ नाम झालेला असतो, तोही स्त्रीलिंगी, कारण मनात ‘गाडी’ आहे. इंग्रजीत ‘फास्ट’ हे नाम आहे, पण त्याचा अर्थ उपास. विरारच्या प्लॅटफॉर्मवर ‘माझी फास्ट गेली’ हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारलं जातं, त्या वाक्याला लंडनमध्ये काहीच अर्थ लागणार नाही. उसन्या शब्दाला असं नवं लिंग आणि नवं काम देणं हे जिवंत भाषेचं लक्षण आहे. त्याला भ्रष्ट मराठी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आता मुळाकडे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ एकच होता: घट्ट, पक्का, स्थिर. जर्मनचा ‘फेस्ट’ हा त्याचा सख्खा भाऊ आजही ‘घट्ट’ याच अर्थाने नांदतो. इंग्रजीत ‘फासन’ म्हणजे घट्ट बांधणं, ‘स्टेडफास्ट’ म्हणजे आपल्या जागी ठाम उभा. विमानात पट्टा बांधायला सांगतात तेव्हा जे क्रियापद ऐकू येतं, त्यात हाच फास्ट आहे. वेगाचा अर्थ नंतरचा. साधारण तेराव्या शतकाच्या सुमारास क्रियाविशेषण म्हणून हा शब्द ‘घट्टपणे’वरून ‘जोर लावून’ आणि ‘जोर लावून’वरून ‘वेगाने’ असा सरकत गेला. उत्तर युरोपातल्या नॉर्स भाषेत तर भरपूर, जोरदार पिण्यालाही ‘फास्ट’ लावत. जोर लावून मारलेला घाव घट्ट बसतो, जोर लावून पळणारा माणूस वेगाने पळतो. वेगाचा अर्थ आधी क्रियेला चिकटला आणि विशेषणाला तो मागाहून मिळाला.

इंग्रजी शब्दकोशात हे वाचताना विचित्र वाटतं, पण मराठी माणसाला ते विचित्र वाटायचं कारण नाही. आपला ‘जोरात’ पाहा. ‘जोरात दाब’ म्हटलं की शक्ती, ‘जोरात पळ’ म्हटलं की वेग. दोन अर्थांमध्ये आपण क्षणभरही अडखळत नाही. ‘कसून’ हा शब्द याहून सुंदर. कसणं म्हणजे आवळून बांधणं, कंबर कसणं त्यातलंच. त्यावरून ‘कसून अभ्यास’, ‘कसून तपास’, ‘कसून तयारी’. आवळण्याच्या क्रियेतून जोराचा अर्थ निघाला, अगदी इंग्रजीत निघाला तसा. फक्त मराठीने पुढचं पाऊल टाकून त्याला वेगापर्यंत नेलं नाही. ते पाऊल आपण दुसऱ्या शब्दात टाकलं आहे. ‘लगत’ म्हणजे चिकटून, शेजारी. ‘लगोलग’, ‘लगेच’, ‘लागलीच’ म्हणजे ताबडतोब. जागेत चिकटलेलं ते काळातही चिकटलेलं, मध्ये फट नसलेलं. इंग्रजीतही ‘फास्ट बाय’ म्हणजे अगदी जवळ असा जुना प्रयोग होता. जर्मनमध्ये ‘फास्ट’ असाच लिहिला जाणारा शब्द आजही ‘जवळजवळ’ या अर्थाने चालतो. घट्ट, मग अगदी जवळ, मग ‘जवळजवळ’ अशी त्याची वाट. जर्मन शिकणारे आपले विद्यार्थी तिथे पुन्हा एकदा फसतात.

तेव्हा मराठी विद्यार्थ्याला मी एवढंच सांगेन, की या शब्दाच्या शेजारचं क्रियापद पाहा. धरणं, बांधणं, चिकटणं, उभं राहणं अशा क्रियेजवळ तो आला तर ‘घट्ट’ म्हणून वाचा. पळणं, जाणं, बोलणं यांच्याजवळ आला तर ‘जलद’. झोपेजवळ ‘गाढ’, मैत्रीजवळ ‘जिवलग’, रंगाजवळ ‘पक्का’, घड्याळाजवळ ‘पुढे’. या जोड्यांतल्या ‘जिवलग’मध्येही तोच ‘लग’ आहे, जिवाला लागून असलेला.

घट्टपणाचा हा जुना अर्थ काही व्यवसायांत अजून ताजा आहे. समुद्रावर तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. बोट धक्क्याला लागली की दोर ‘मेक फास्ट’ करायचा, म्हणजे खुंटाला आवळून पक्का करायचा. व्यापारी जहाजांवर काम केलेल्या कोकणपट्टीतल्या खलाशांना हा हुकूम नवा नाही. ध्रुवांकडच्या समुद्रात ‘फास्ट आइस’ असतं. नावावरून वाहून जाणारा बर्फ वाटेल, पण तो असतो किनाऱ्याला धरून राहिलेला, न हलणारा समुद्री बर्फ. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे उतरली. तेव्हापासून आपली जहाजं या बर्फाशी सामना करत आली आहेत. त्या प्रदेशात वेगाने सरकणाऱ्या बर्फाला दुसरं नाव आहे, आणि ‘फास्ट’ हे नाव नेमकं स्थिर बर्फाला आहे.

दुसरा व्यवसाय रंगाऱ्यांचा. इथे थोडं थांबायला हवं, कारण या अर्थावर आपल्या देशाचा मोठा हक्क आहे. दुकानदार कापड पुढे करत ‘रंग फास्ट आहे’ म्हणतो तेव्हा तो बरोबर जुनं इंग्रजी बोलत असतो: रंग धाग्याला घट्ट धरून आहे, धुण्याने सुटणार नाही. सुती धाग्यावर रंग टिकवणं अवघड असतं. बहुतेक वनस्पतिज रंग सुताला चिकटत नाहीत, पाण्यात निघून जातात. भारतीय कारागिरांनी यावर फार प्राचीन काळी उपाय शोधला. कापड आधी तुरटीसारख्या क्षाराच्या पाण्यात भिजवायचं आणि मग रंगात घालायचं. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका बाजूने धाग्याला धरतं आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला. दोन्ही मिळून पाण्यात न विरघळणारं संयुग तयार होतं. मोहेंजोदडोच्या उत्खननात मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीच्या लाल रंगाने रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा मिळाला, म्हणजे ही विद्या चार हजार वर्षांहून जुनी. मध्य भारतात आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून असाच पक्का लाल करत. सतराव्या शतकात भारतीय छापील सुती कापड युरोपात पोचलं तेव्हा तिथल्या लोकांना आश्चर्य वाटलं ते याचंच, की हे रंग धुतले तरी जात नाहीत. मागणी इतकी वाढली की स्थानिक विणकरांच्या दबावाखाली फ्रान्सने १६८६ मध्ये अशा कापडावर बंदी घातली आणि इंग्लंडने १७०१ पासून निर्बंध आणले.

मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतींतलं लाल रंगद्रव्य, अलिझरिन, १८६८ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ ग्रेब आणि लीबरमान यांनी प्रयोगशाळेत तयार केलं आणि मुळांपासून रंग काढणाऱ्या शेतीवर संक्रांत आली. १८७९ मध्ये नवरोसजी वाडियांनी मुंबईत सूत रंगवण्याचं काम सुरू केलं. तीच पुढची बॉम्बे डाइंग. धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडणारे रंग १९५६ मध्ये बाजारात आले. आज गिरणीत रंगाचा पक्केपणा मोजतात तेव्हा धुण्यासाठी १ ते ५ आणि उन्हासाठी १ ते ८ असे गुण देतात. वसईतल्या कुपारी ख्रिस्ती समाजातल्या जुन्या पिढीच्या बायकांचं लाल लुगडं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ‘रंग फास्ट असणं’ म्हणजे काय हे निराळं सांगायला नको. उन्हात शेतावर राबताना वापरायचं, विहिरीवर रोज धुवायचं, तरी त्याचं लाल लालच राहिलं पाहिजे.

रंगाचा हाच अर्थ दवाखान्यात पोचला आणि तिथे त्याने माणसं वाचवली. क्षयाच्या रुग्णाची थुंकी तपासायला देतात तेव्हा कागदावर ‘एएफबी’ अशी तीन अक्षरं लिहिलेली असतात. त्यांतला ‘एफ’ म्हणजे फास्ट. रुग्णाच्या घरच्यांपैकी कुणाकुणाला ते ‘लवकर रिपोर्ट’ असं वाटतं, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्याच वर्षी शास्त्रज्ञ एर्लिश यांच्या लक्षात आलं की या जंतूला एकदा रंग बसला की तो आम्लाने धुतला तरी सुटत नाही. झील आणि नीलसन या दोघांनी या पद्धतीत सुधारणा केल्या आणि ती त्यांच्या नावाने रूढ झाली. काचपट्टीवर थुंकीचा थर पसरायचा, लाल रंग ओतून खालून उष्णता द्यायची, मग आम्लाने धुवायचं. बाकीच्या बहुतेक जंतूंचा रंग उतरतो. क्षयाच्या जंतूभोवती मेणासारख्या पदार्थाचं जाड आवरण असतं, ते रंग सोडत नाही. मग निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. ‘अ‍ॅसिड-फास्ट’ म्हणजे आम्लालाही न जुमानता रंग धरून ठेवणारा. कुष्ठरोगाचा जंतूही याच जातीचा. आज अधिक अचूक चाचण्या आल्या असल्या तरी ही तीन अक्षरं अजून वापरात आहेत.

या सगळ्यापुढे वेगाच्या अर्थाचे नवे प्रयोग थोडे सपाट वाटतात. ते पटकन आटोपतो. फास्ट फूड, फास्ट बॉलर, फास्ट चार्जिंग, फास्ट ट्रॅक न्यायालय. मराठीत ‘पोरगा फास्ट आहे’ म्हणजे चलाख. ‘ती जरा फास्टच आहे’ यात मात्र निंदा असते, आणि ती बहुतेकदा मुलींच्याच वाट्याला येते. हा अर्थही इंग्रजीतून आलेला आहे. तिथे अठराव्या शतकापासून चैनीच्या, उधळ्या जगण्याला हे विशेषण लावत. मुलींबद्दल ते आपण वापरू नये असं मला मनापासून वाटतं. फास्टॅग हा मात्र गमतीचा शब्द. तो टोलनाक्यावर वेळ वाचवतो म्हणून त्याचं हे नाव, पण तो चिकटवायचा असतो काचेला, तोही असा की सुटता कामा नये. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. एकाच चिकटपट्टीत या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

रेल्वेच्या मराठी घोषणेत फास्टला ‘जलद’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातल्या ‘जलद’ म्हणजे मेघाशी दिसायला सारखा असला तरी त्याचा नाही. तो फारसी ‘जल्द’वरून आला आहे. रस्तेवाल्यांनी मात्र संस्कृत शब्द निवडला, द्रुतगती मार्ग. ‘द्रुत’च्या मुळाशी धावणं आणि वाहणं आहे, आणि संस्कृतात त्याचा अर्थ ‘वितळलेला’ असाही होतो. द्रव त्याच धातूपासून आलेला. म्हणजे संस्कृतने वेग पाहिला तो पातळ होऊन वाहणाऱ्या वस्तूत, आणि इंग्रजीने तो पाहिला घट्ट धरलेल्या वस्तूत. गवयाची द्रुत लय ऐकताना पहिली कल्पना पटते. गच्च भरलेल्या विरार लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाला दुसरी पटेल.

राहिला उपास. तो वेगळा शब्द आहे, योगायोगाने सारखा दिसतो, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. इंग्रजीतला उपास करणं या अर्थाचा ‘फास्ट’ याच घट्टपणातून निघाला आहे. युरोपातल्या जर्मन कुळातल्या लोकांमध्ये ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा नियमाला, व्रताला घट्ट धरून राहण्यासाठी हे क्रियापद वापरलं गेलं आणि मग ते अन्न वर्ज्य करण्यापुरतं ठरून गेलं. इथेही मराठीने तीच गोष्ट स्वतंत्रपणे केली आहे. आपण उपास ‘करतो’ तसाच ‘धरतो’. एकादशी धरतात, रोजा धरतात, सोळा सोमवार धरतात. आणि पूर्ण झाला की तो ‘सोडतात’. वटारच्या परिसरात हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही धर्मांची माणसं शेजारी राहतात; एका घरात श्रावणी सोमवार धरलेला असतो, दुसऱ्या घरात राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ पाळला जातो. कॅथलिक धर्मनियमानुसार आज सक्तीचा उपास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी असतो, तोही १८ ते ५९ वयाच्या लोकांना. पण चाळीस दिवस मांसाहार किंवा एखादी आवडती गोष्ट सोडणारी घरं पुष्कळ असतात. जवळच्या नंदाखालमध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून या धर्मजीवनाला साधी, प्रसन्न मराठी दिली. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

संस्कृत ‘उपवास’ची कल्पना निराळी: उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. उपोषणही त्याच धातूचं. इंग्रज नियमाला धरून राहतो, आपण जवळ जाऊन राहतो. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात आमरण उपोषण सुरू केलं. २४ तारखेला पुणे करार झाला, २६ तारखेला त्यांनी उपोषण सोडलं. त्या सात दिवसांत जगभरच्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘फास्ट’ हा शब्द होता, आणि मराठी वाचकाने तो ‘जलद’ असा वाचला असण्याची शक्यता शून्य. संदर्भ स्पष्ट असला की अर्थ आपोआप जागेवर येतो.

सकाळच्या खाण्यात हाच उपास दडलेला आहे. ब्रेकफास्ट म्हणजे रात्रभरचा उपास मोडणं, हे आता अनेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की आपली न्याहारीही त्याच वाटेने आली आहे. फारसीत ‘नहार’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. त्यावरून ‘नहारी’, आणि मराठीत न्याहारी. आणि फारसीत ‘नाश्ता’ या शब्दाचाही मूळ अर्थ उपाशी असाच आहे.